अक्काची जीप समुद्राला गेली

अक्काच्या जीपमध्ये पुढची सीट बायकांची होती. नव्वदच्या दशकात आग्रा महामार्गावर धावणाऱ्या कुठल्याही काळी-पिवळीत ड्रायव्हरशेजारची जागा गावातल्या वजनदार माणसासाठी राखलेली असायची. बायका मागे, पाट्या, पिशव्या आणि पोरांसकट कोंबलेल्या. अक्काने हा क्रम उलटा केला होता. एकदा पांढरे कडक कपडे घातलेले तालुक्याचे एक पुढारी पुढचं दार उघडून चढायला लागले. अक्का म्हणाली, "साहेब, मागं बसा. मागं हवा चांगली येते." पुढाऱ्यांनी तिला विचारलं की, मी कोण आहे ते माहीत आहे का. अक्का म्हणाली, "माहीत हाय ना. म्हणून तर मागं बसा म्हणू राहिले." ते बसले. पिंपळगाव बसवंत येईपर्यंत गुडघे पोटाशी घेऊन, एका भाजीवालीच्या मेथीच्या जुड्या मांडीवर सांभाळत बसले. पुढच्या सीटवर त्या दिवशी दोन कामगार बायका होत्या आणि त्यांनी घाबरून एकमेकींचे हात धरले होते. अक्का त्यांना म्हणाली, हात सोडा आणि बाहेर बघा, तिकिटाच्या पैशात बघणं पण येतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात दुपट्यांबरोबर दोरीवर ओली पत्रकं वाळत असायची. माझे वडील, म्हणजे अण्णा, पिंपळगावात एक छोटा छापखाना चालवायचे. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं मनासाठी. अक्षरओळख मला 'कामगार बंधू-भगिनींनो' या शब्दांनी झाली. समता, हक्क, संघर्ष हे शब्द मी इतक्या लहान वयात पाठ केले होते की त्यांचा अर्थ कोणाच्या तरी अंगात पाहायला मिळेल, असं कधी वाटलंच नव्हतं. कॉलेजसाठी नाशिकला जाऊ लागले, रोज अक्काच्या जीपमध्ये बसू लागले, तेव्हा तो पाहायला मिळाला.

अक्का बागलाणातली, सटाण्याकडची. सायखेड्याजवळच्या एका गावात दिलेली. उंच, हाडापेराने मजबूत, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचून पायात पुरुषी चपला. जीप मुळात तिच्या नवऱ्याची. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंची नजर अधू होत गेली, समोरून येणारा ट्रक जवळ आल्यावरच दिसायला लागला, तेव्हा गाडी विकावी असं सगळ्यांचं मत पडलं. अक्काने गाडी विकली नाही. द्राक्षबागांमधल्या कच्च्या रस्त्यावर भाऊंना शेजारी बसवून ती शिकली, लायसन काढलं, आणि भाऊंनी घरात चूल हातात घेतली. गाव हसलं. अक्का उघड सांगायची की भाऊंचा हात भाजीला चांगला आहे आणि माझा स्टेअरिंगला. ज्याचा हात जिथं बसतो तिथं बसू द्यावा. भाऊंच्या हातची शेवभाजी मी खाल्ली आहे. ती म्हणत होती ते खरं होतं.

हंगामात पहाटे ती गावागावातून बायका गोळा करून पिंपळगावच्या पॅकहाऊसला सोडायची, दिवसभर नाशिकच्या फेऱ्या मारायची आणि संध्याकाळी त्यांना परत न्यायची. द्राक्षं परदेशी जायला लागल्यापासून या बायकांना थंडगार खोलीत दिवसभर उभं राहून घड निवडायचं काम मिळालं होतं. छोट्या कात्रीने बारीक मणी, डागी मणी काढून टाकायचे, एकसारखे घड खोक्यात मांडायचे. बोटं बधिर व्हायची. परतीच्या प्रवासात त्या बायका हात काखेत धरून बसलेल्या असत आणि अक्का गाडी चालू करण्याआधी इंजिनच्या झाकणावर हात शेकायला लावायची. उशीर होईल असं कोणी म्हणालं तर अहिराणीवर यायची. चिडली की ती नेहमीच माहेरच्या बोलीत शिरायची. "मी शे ना," म्हणजे मी आहे ना, असं म्हणायची, आणि तेवढ्यावर विषय संपायचा.

तिचं एक वाक्य सगळ्या जीपला पाठ होतं. बाईला घरातून निघायला तीनच दारं आहेत, ती म्हणायची: माहेर, देव आणि दवाखाना. चौथ्या कारणाने बाहेर पडलेली बाई दाखव, मी तिला फुकट नेते. हे ती विनोदाने म्हणायची आणि बायका हसायच्या. कामाला जातो ते काय मग, असं कोणीतरी विचारायचं. अक्का म्हणायची, ते बाहेर जाणं नव्हे, ते घरच लांबवणं आहे. आमच्या छापखान्यातून कित्येक वर्षं पत्रकं बाहेर पडली, पण एवढं खरं वाक्य एकाही पत्रकात मी वाचलं नव्हतं.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. मार्चमधली संध्याकाळ होती, मी कॉलेजहून परतत होते. पॅकहाऊसच्या दारात मोठा कंटेनर भरून उभा होता आणि त्यामुळे आमची जीप अडकली होती. सुमन नावाची, अक्काच्याच गावातली एक कामगार माझ्या शेजारी होती. तिशीतली, कमी बोलणारी, घड निवडण्यात सगळ्यांत चपळ. तिने विचारलं, हा माल जातो कुठं. अक्काने सांगितलं, आधी मुंबई, मग बोटीत बसून परदेशी. किती दिवस पाण्यावर असतो? पुष्कळ दिवस. सुमन थोडा वेळ कंटेनरकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अक्का, समुद्र कसा असतो गं?"

 अक्कानेही समुद्र पाहिला नव्हता. जीपमध्ये विचारत गेलो तर एकीनेही पाहिला नव्हता. नाशिकहून सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला समुद्रावर पोचतो. यांच्या बोटांतून गेलेला प्रत्येक घड समुद्र ओलांडून गेला होता, आणि ही बोटं मात्र तिथवर पोचली नव्हती. मला त्या क्षणी भाषण करावंसं वाटलं. अक्काने फक्त कंटेनर हलेपर्यंत वाट पाहिली, गाडी गिअरमध्ये टाकली आणि म्हणाली, हंगाम संपला की जाऊ.

मी पत्रक लिहून आणलं. श्रमिक स्त्रीचा विश्रांतीचा हक्क, तिच्या श्रमांवर उभा असलेला बाजार, असा दोन परिच्छेदांचा मजकूर होता आणि मला त्याचा अभिमान होता. अक्काने तो अण्णांच्या छापखान्यात उभ्याउभ्या वाचून घेतला. चांगला आहे म्हणाली. मग म्हणाली की, हा त्यांच्या नवऱ्यांना वाचायला दे. बायांसाठी मी सांगते तेवढं छाप. शेवटी जे पत्रक छापलं गेलं ते असं: 'समुद्र बघायला जायचं आहे. फक्त बायका. देवदर्शन नाही.' अण्णांनी जुळवलेलं हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत छोटं पत्रक, आणि माझ्या मते सर्वांत जहाल.

कारण त्यातलं शेवटचं वाक्य गावाला लागलं. फिरायला जाणाऱ्या बायका गावाने पाहिल्या नव्हत्या असं नाही. त्र्यंबक, वणी, शिर्डी, सगळीकडे बायका जायच्या, टेंपो भरून जायच्या, वाटेत भेळ खायच्या, हसायच्या. पण ते सगळं देवाच्या पदराआडून. अक्काला तो पदर नको होता. अण्णा चळवळीत मुरलेले माणूस. त्यांनी तिला समजावलं की, वाटेत हरिहरेश्वर आहे, तेव्हा हरिहरेश्वरची यात्रा म्हणा, कोणाची हरकत येणार नाही. डावपेच म्हणून एवढं चालतं. अक्का त्यांना मोठा भाऊ मानायची. ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही पत्रकात खोटं छापता का?" अण्णा चष्मा पुसत राहिले.

एकेक घर नरमत गेलं, काही नरमलीच नाहीत. सुमनचं घर सगळ्यांत अवघड. तिची सासू अनसाबाई म्हणजे गल्लीचा दरारा. अक्का तिच्याकडे गेली तेव्हा मी बरोबर होते. अनसाबाई ओसरीवर कांदे पसरत होती. तिने बसा म्हटलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. देवाला न्या, आत्ता न्या, शिदोरी मी देते. पण नुसतं पाणी बघायला माझी सून जाणार नाही. गोदावरी काय कमी पडली? सुमन दाराआड उभी होती. तिच्या साडीचा काठ दिसत होता आणि तो हलत नव्हता. एक शब्द, 'देवाला', असा अक्काने उच्चारला असता तर त्या काठाला त्याच क्षणी पाय फुटले असते. अक्का म्हणाली, "मावशी, खोटं बोलून नेली तर ती खोटं बोलतच परत येईल. मंग जन्मभर तुम्हाला कळायचं नाय, ती खरं कधी बोलू राहिली."

अनसाबाईचे कांदे थांबले. मग अक्काने तिला सुचवलं की, एवढी काळजी असेल तर तुम्हीच चला राखणीला. मला वाटलं, आता आम्हाला झाडूने हाकलणार. अनसाबाईने पदराला हात पुसले. नंतर म्हणाली की चलेन, पण तुमच्या गमजा बघायला नव्हे, सुनेवर नजर ठेवायला. दाराआडचा काठ नाहीसा झाला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

मे महिन्यात आम्ही निघालो. भाऊंनी पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. अनसाबाई पिण्याच्या पाण्याची मोठी कळशी घेऊन आली, कारण समुद्राच्या गावात गोडं पाणी नसणार. ती कळशी कसाऱ्याच्या घाटात सगळ्यांच्या पायांवर सांडली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही पहिला मुक्काम टाकला, म्हणजे झाडांखाली शिदोरी सोडली. जाळीच्या गाडीतून वाघ पाहिला. वाघ झोपला होता. त्याने एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. बायकांना तो वाघ फार आवडला. भरदुपारी कोणी हाक न मारता झोपलेला प्राणी त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी अलिबाग. वाळूवर धावत पोचलो तर समुद्र नव्हता. ओहोटी होती. दूरवर, समुद्रातल्या किल्ल्याच्याही पलीकडे, पाण्याची एक चकचकीत रेघ, आणि अलीकडे सगळा ओला चिखल. अक्काला भरती-ओहोटी माहीत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ओशाळलेलं पाहिलं. अनसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा व्हय तुझा समुद्र? आमच्या गोदावरीला उन्हाळ्यात पण यापेक्षा जास्त पाणी ऱ्हातं." एका नारळवाल्याने सांगितलं की, बसा, येईल, तो कोणाला चुकवत नाही.

वाट बघत बसलेल्या बायकांनी काय केलं असेल? त्यांनी शिंपले गोळा केले. आणि गोळा केल्यावर ते निवडायला बसल्या. मोठे एकीकडे, मध्यम एकीकडे, फुटके बाजूला, रंगाने गढूळ वेगळे. कोणी सांगितलं नव्हतं. गोल करून, माना खाली घालून, पॅकहाऊसमधल्यासारख्याच झपाझप बोटं चालवत त्या निवडत होत्या, आणि सगळ्यांच्या पाठी समुद्राकडे होत्या. अक्काने ते पाहिलं. ती रागावेल असं मला वाटलं. ती हसत सुटली. म्हणाली, बायांनो, हा माल कोणाला पाठवायचाय? तेवढ्यात मागून पाणी आलं. अगदी हळू, आवाज न करता आलं आणि निवडलेले सगळे ढीग एकात एक करून परत गेलं. सुमन उठून उभी राहिली. पाणी घोट्यापर्यंत येऊन तिच्या पायाखालची वाळू काढून नेत होतं, आणि ती पदर तोंडाशी धरून नुसती बघत होती. 

तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून आम्ही खाली निघालो. सुरूची बनं, नारळाच्या वाड्या, वळणावर अचानक उघडणारं निळं पाणी. प्रत्येक वळणावर मागून ओरडा व्हायचा आणि अक्का गाडी हळू करायची. तिच्यामागे मोटारींच्या रांगा लागल्या, भोंगे वाजले. अक्का म्हणायची, वाजवू द्या, त्यांनी लहानपणापासून बघितलाय.

काशीदच्या पुढे फणसाडचं अभयारण्य आहे. सकाळी आम्ही तिथं शिरलो. दाट झाडी, शेकरूची घरटी, पाणवठ्याकडे जाणारी पायवाट. वेगवेगळ्या वाटांनी बायका पांगल्या. थोड्या वेळाने परत जमल्या तेव्हा प्रत्येकीच्या डोक्यावर सरपणाची मोळी होती. सुबक बांधलेली, वेलींनी आवळलेली. सर्वांत मोठी अनसाबाईची. कोणाच्या मनात चोरी नव्हती. जंगल दिसलं की वाळकी काटकी उचलायची, हे या हातांना लहानपणापासून लागलेलं वळण. फिरायला आलेल्या बायका सुट्टीच्या दिवशी रानातून चुलीची सोय करून आल्या होत्या, आणि ही चूल कित्येक कोसांवर नाशिक जिल्ह्यात होती.

फाटकावर खाकीतला तरुण वनरक्षक थांबलेला. तो आधी दचकला, मग रागावला. अभयारण्यातून पडलेली फांदीसुद्धा नेता येत नाही, दंड होईल, गाडी अडकवून ठेवेन, असं बोलू लागला. बायकांचे चेहरे उतरले. मोळ्या खाली आल्या. अनसाबाईने मात्र आपली मोळी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली. वाळकं लाकूड कोणाच्या कामाचं, असं तिने त्याला विचारलं. पोरगा भला होता. त्याने समजावून सांगितलं की ते किड्यांच्या कामाचं, पाखरांच्या कामाचं, कुजून पुन्हा झाडाच्याच कामाचं. इथं पडलेलं लाकूड पडून राहतं, तेच त्याचं काम.

मी मध्ये पडून बोलायच्या बेतात होते. आदिवासींचे जंगलावरचे हक्क वगैरे सगळं माझ्याकडे तयार होतं. अक्काने मला हाताने थांबवलं आणि अनसाबाईसमोर उकिडवी बसली.

"मावशी, इथं लाकडाला पण चुलीपासून सुट्टी हाय," ती म्हणाली. "तुम्हीच काय कोणाचं घोडं मारलंय?"

अनसाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग त्या बाईच्या पोटातून हसू यायला लागलं, आणि ते आवरेना. मोळीवर बसल्या बसल्या ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सुमनने सासूला कधी हसताना पाहिलं नव्हतं. ती घाबरून पाणी आणायला धावली. वनरक्षकही हसला. दंड झाला नाही. बायकांनी मोळ्या सोडल्या, काटक्या जिथल्या तिथं पसरून ठेवल्या. रिकाम्या हातांनी जंगलातून चालत येणं त्यांना जमेना. हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ते एकमेकींच्या खांद्यावर टाकले.

त्या संध्याकाळी मुरूडच्या किनाऱ्यावर अनसाबाई एकटी पाण्यात गेली. फार आत नाही. नऊवारीसकट उथळ पाण्यात फतकल मारून बसली. लाट यायची, छातीपर्यंत भिजवायची, जायची. सुमनने हाक मारली, तर तिने मागे न बघता हात हलवला. सूर्य बुडाला तरी ती उठली नाही. अक्का म्हणाली, राहू दे तिला, तिथं तिला कोणी चहा मागत नाहीये.

शेवटचा मुक्काम हरिहरेश्वर. अक्काने देवळाच्या पायरीशी गाडी उभी केली आणि ज्यांना जायचं त्यांनी खुशाल जावं म्हणाली. ती स्वतःही गेली, हात जोडून आली. मी तिला विचारलं की मग एवढा अट्टहास कशासाठी होता. ती म्हणाली, देवाशी भांडण नाही गं. त्याच्या नावावर आपलं हसू खपवायचं नाही, एवढंच.

परत आल्यावर पावसाळाभर गाव कुजबुजत राहिलं. पाण्यात बसलेल्या म्हातारीची गोष्ट रंगवून सांगितली गेली. गणपतीच्या सुमारास पारावर बैठक झाली आणि ठरलं की पुढच्या हंगामात गावातल्या बायका दुसऱ्या एका माणसाच्या टेंपोने पॅकहाऊसला जातील. हंगामातल्या फेऱ्यांवरच अक्काचं घर चालायचं. भाऊंच्या औषधपाण्यापासून सगळं. अण्णांनी पुन्हा सुचवलं की जरा नमतं घ्यावं. अक्काने जीपचं इंजिन उघडून साफ केलं आणि जानेवारीची वाट पाहिली.

हंगामाच्या पहिल्या पहाटे मी मुद्दाम त्या गावात गेले. धुकं इतकं होतं की दोन्ही गाड्यांचे दिवे तेवढे दिसत होते. टेंपोवाला भोंगा वाजवत होता. अक्का स्टेअरिंगवर हात ठेवून बसली होती, कोणाला हाक मारत नव्हती. मध्ये बायका उभ्या, डबे छातीशी धरून, आणि त्यांच्या मागे त्यांची माणसं. कोणी हलेना. तेवढ्यात घोंगडी पांघरून अनसाबाई आली. सुमनला हाताला धरून आणलं होतं. म्हातारी सुनेला टेंपोत बसवायला आली, असंच सगळ्यांना वाटलं.

पारावरचे एक वडीलधारे गृहस्थ पुढे झाले. वाईट माणूस नव्हता. त्यांनाही हे प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी अनसाबाईला मानाने सांगितलं की, मावशी, तुम्ही हरिहरेश्वर करून आलात हे खरंच आहे. सगळ्यांसमोर एवढं म्हणा की आम्ही देवाला गेलो होतो. विषय संपला. अक्काच्या फेऱ्या अक्काकडेच राहतील.

अक्काने इंजिन बंद केलं. त्या एका वाक्यात तिचं पोट होतं, आणि ते वाक्य खोटंही म्हणता आलं नसतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती अनसाबाईकडे बघत नव्हती. समोर धुक्यात बघत होती, म्हणजे म्हातारीवर डोळ्यांचासुद्धा भार पडू नये.

"देव वाटेत भेटला," अनसाबाई म्हणाली, "त्याला नमस्कार केला. पण गेले व्हते मी समुद्रात बसायला. बसले. लय बरं वाटलं. औंदा पुन्हा जाणार हाय." मग सुमनकडे वळून, रोजच्याच खेकसण्याच्या सुरात म्हणाली, "बघती काय? चढ जीपमध्ये. उशीर होऊ राहिला."

सुमन चढली. तिच्यामागे आणखी चढल्या. सगळ्या आल्या नाहीत. चौघी-पाच जणी मान खाली घालून टेंपोत बसल्या, त्यांच्या घरी इलाज नव्हता. अक्काने त्यांच्याकडे पाहून हात हलवला. होळीपर्यंत त्याही एकेक करून परत आल्या.

पुढे प्रत्येक उन्हाळ्यात जीप समुद्राला गेली. श्रीवर्धन, दिवेआगर, गुहागर. अनसाबाई तीन-चार वर्षं आली, प्रत्येक ठिकाणी पाण्यात फतकल मारून बसली आणि एका हिवाळ्यात झोपेतच गेली. मी शिकून नाशिकला लिहिण्याच्या कामाला लागले. महामार्ग रुंद झाला, पॅकहाऊसवाल्यांनी स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या, काळी-पिवळीचे दिवस सरले. अक्काला साखरेने धरलं. पाय सुजायला लागले, क्लच दाबवेना, तेव्हा तिने जीप विकली. विकताना रडली नाही, असं भाऊ सांगतात. मी आजवर अनेक सभांमध्ये अनेक धाडसी माणसं पाहिली, त्यांची भाषणं उतरवून घेतली. व्यासपीठाशिवाय, टाळ्यांशिवाय, स्वतःच्या भाकरीचा प्रश्न समोर असताना गप्प बसून खऱ्याची वाट बघणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि मी त्या माणसाच्या गाडीत बसत होते, हे मी कुठेही ताठ मानेने सांगते.

ती गेली त्याच्या आधीच्या जूनमध्ये मी तिला भेटायला गेले होते. बायका तिच्याशिवाय पहिल्यांदाच जाऊन आल्या होत्या. सुमनने पुढाकार घेऊन गाडी ठरवली होती आणि त्या थेट तारकर्लीपर्यंत पोचल्या होत्या. अक्का खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी तिला सुमनकडून ऐकलेलं सगळं सांगितलं: पाणी किती स्वच्छ होतं, कोणाला गाडी लागली, कोण मासे खायला शिकली. ती डोळे मिटून ऐकत होती. मग तिने विचारलं की, निघताना बायांनी घरी काय सांगितलं.

मी हेच सुमनला विचारलं होतं. ती जरा गोंधळली होती, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. घरी कोणी कारण विचारलं नव्हतं. नवऱ्याने पिशवी गाडीपर्यंत आणून दिली होती आणि येताना सुके बोंबील आण म्हणाला होता.

अक्काने डोळे उघडले. "कोणीच विचारलं नाय?"

"कोणीच नाही."

"मंग जिंकलो की गं," ती म्हणाली, आणि आत भाऊंना हाक मारून चहा टाकायला सांगितला.